कर्जमुक्तीचा मंत्र आणि गळकी गच्ची

गेल्या महिन्यात आपल्या एका जिल्हा शाखेच्या अभ्यासशिबिरात 'कष्टकऱ्यांचे अर्थनियोजन' या विषयावर एक व्याख्यान झाले. वक्ते पक्षाचे नव्हते. ते गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते, आणि त्यांना बोलावण्यात काही गैर झाले असे मी म्हणत नाही. तासभर त्यांनी जे सांगितले त्याचे सार एवढेच की, ज्याच्या डोक्यावर गृहकर्ज आहे त्याने बोनस, भविष्यनिर्वाह निधीतील उचल, गावाकडच्या जमिनीचा वाटा, जे काही हाती येईल ते प्रथम कर्जात भरावे. घराची डागडुजी, दुरुस्ती, रंगरंगोटी हे सारे कर्ज फिटल्यानंतर. 'आधी मुक्ती, मग सजावट' असे सुटसुटीत नाव त्यांनी या सूत्राला दिले होते. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत चाळीस वर्षे कामगार चळवळीत घालविलेले साथी होते, आणि समारोप करणाऱ्या साथींनी तर कर्जमुक्ती हेच सामान्य माणसाचे खरे स्वातंत्र्य असे उद्गार काढले. मी मागच्या रांगेत बसलो होतो. त्या वेळी उठून बोललो नाही याचे वैषम्य वाटते, म्हणून हा लेख.

प्रथम वक्त्यांच्या पदरात जे टाकावयास हवे ते टाकू. त्यांचे गणित चूक नव्हते. वीस लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता १७,९९५ रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये केवळ व्याजाचे असतात. मुद्दलापोटी जमा होतात २,९९५. पाच वर्षे इमानेइतबारे हप्ते भरून कर्जदाराने जवळजवळ १०,८०,००० रुपये दिलेले असतात आणि मुद्दल कमी झालेले असते सुमारे २,२६,००० रुपयांनी. या टप्प्यावर त्याने दोन लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेले १८० हप्ते १४३ वर येतात. म्हणजे दोन लाख भरून सहा लाख अडुसष्ट हजारांच्या आसपासचे हप्ते वाचतात. ही किमया नव्हे, चक्रवाढ व्याजाचा तो साधा गुणधर्म आहे; परंतु ज्याने हे कोष्टक कधी पाहिले नाही त्याचे डोळे दिपावेत हे स्वाभाविक आहे. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे. हप्त्याहप्त्याने वीस लाखांवर तेवीस लाख एकोणीस हजार व्याज देणाऱ्या कर्जदाराला त्या नियमाचा आधार मिळणार नाही, कारण त्याचे व्याज थकतच नाही, ते दरमहा पगारातून कापले जाते. जुन्या सावकाराला हे साधले नव्हते.

आणि कर्ज मुदतीआधी फेडण्याचा हक्क हा सुद्धा फुकट मिळालेला नाही हे ध्यानात ठेवावे. पूर्वी मुदतीआधी पैसे आणून देणाऱ्या कर्जदाराकडून बँका दंड वसूल करीत. देणे लवकर देऊ पाहणाऱ्याला दंड, ही कल्पनाच मुळी व्याज हे बँकेचे उभे पीक आहे हे सांगणारी होती. ग्राहकांच्या तक्रारींचा रेटा वाढला तेव्हा रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बदलत्या दराच्या गृहकर्जांवरील हा दंड बंद केला. तेव्हा मुदतपूर्व फेडीच्या मी विरोधात आहे असे कृपा करून कोणी समजू नये. माझा विरोध आहे तो तिला मुक्ती म्हणण्याला, आणि दुरुस्तीला सजावट म्हणण्याला.

आता त्याच कर्जदाराकडे पुन्हा वळू. त्याच्याकडे दोन लाख होते, ते त्याने कर्जात भरले. सदतीस हप्ते वाचले हे खरे. पण ते वाचले कोठे? मुदतीच्या शेवटच्या टोकाला, आजपासून जवळपास बारा वर्षांनी. पुढच्या महिन्याचा १७,९९५ रुपयांचा हप्ता जसाच्या तसा उभा आहे. आगाऊ भरलेले दोन लाख त्यातला एक रुपयाही माफ करीत नाहीत. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले, स्वयंपाकघराच्या छताचे प्लास्टर सुटून आतल्या गंजलेल्या सळया दिसू लागल्या, तर बँकेत जाऊन 'माझे दोन लाख परत द्या' असे त्याला म्हणता येत नाही. पगार चांगला आणि नोकरी पक्की असेल तर घरावर वाढीव कर्ज मिळेल. कंत्राटी कामगाराला, छोट्या दुकानदाराला, निवृत्तीला आलेल्या माणसाला बहुधा वैयक्तिक कर्जाचा रस्ता दाखविला जातो. तेच दोन लाख चौदा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर ४,६५४ रुपयांचा नवा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. म्हणजे नऊ टक्क्यांचे कर्ज फेडण्यासाठी चौदा टक्क्यांचे कर्ज घेतले, एवढाच त्या मुक्तीचा ताळेबंद.

पण आपल्या पक्षाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तिचा उल्लेख व्याख्यानात असणे शक्यच नव्हते. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, बँक घराच्या जप्तीची कारवाई सुरू करू शकते. ज्या कामगाराच्या हाती चार-सहा हप्त्यांची रोकड शिल्लक आहे तो टाळेबंदीत टिकतो, कंत्राटदाराने काढून टाकले तर दुसरे काम शोधीपर्यंत तग धरतो, आणि वेळ आली तर संपातही उतरतो. ज्याने सारी शिल्लक कर्जात ओतली आहे त्याचे कर्ज कागदावर कमी असते, पण तो एका महिन्याचाही संप करू शकत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. ते इतके महिने टिकले त्यात गावाकडच्या भाताचा आणि चाळीतील नियंत्रित भाड्याच्या खोलीचा किती वाटा होता याचा हिशेब आपण कधी नीट मांडला नाही. आज त्याच कामगारांच्या मुलांच्या डोक्यावर १७,९९५ रुपयांचा हप्ता आहे. मालकवर्गाला शिस्त लावण्यासाठी यापेक्षा स्वस्त मुकादम मिळणार नाही, आणि आपल्या शिबिरात आपण कामगाराला सांगतो की हाती असलेली शेवटची रोकडही त्या मुकादमाच्या स्वाधीन कर!

येथे काही साथी एंगल्सकडे बोट दाखवितील. १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना त्याने कामगाराला घरमालक करण्याच्या योजनांवर कडक टीका केली होती. घराचा तुकडा देऊन कामगाराला एका जागी बांधून ठेवण्याचा आणि त्याचा लढण्याचा कणा मोडण्याचा तो मार्ग आहे असे त्याचे म्हणणे होते. विश्लेषण अचूक होते. पण त्यावरून 'गृहकर्ज हा मध्यमवर्गाचा प्रश्न, आपण त्यात कशाला पडा' असा निष्कर्ष काढून आपल्यापैकी अनेक जण जे हात झटकतात ते मला मान्य नाही. गिरण्यांच्या जमिनीवर लढून मिळविलेल्या सव्वादोनशे चौरस फुटांच्या घरासाठी सोडत लागलेल्या कामगारालाही लाखांत रक्कम उभी करावी लागली आणि त्यासाठी कित्येकांना कर्जच काढावे लागले. भाड्याचे परवडणारे घर शासनाने बांधावयाचे थांबविल्यावर कामगाराने जावे कोठे? त्याने मालकी निवडलेली नाही, बाकीची दारे बंद झाली म्हणून तो या दारातून आत गेला आहे.

ही दारे एकाएकी बंद झाली नाहीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि मुंबई शहरातील जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीचे काम सार्वजनिक मंडळाकडे आले. त्या मंडळाचा कारभार काही भूषणावह नव्हता, ठेकेदारांनी त्यात हात धुऊन घेतले; परंतु एक तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले होते की, लोकांच्या डोक्यावरचे छत सांभाळणे ही एकट्यादुकट्याची बाब नाही. मंडळाची हद्द मात्र शहरापुरतीच राहिली. उपनगरे, ठाणे, कल्याण, पुणे येथील इमारतींना असे काही मिळाले नाही. इकडे १९७७ मध्ये हसमुखभाई पारेखांनी गृहकर्ज देणारी संस्था काढली, १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली, आणि १९९१ नंतर तर घराचा प्रश्न म्हणजे कर्जाचा प्रश्न असे समीकरणच रूढ झाले. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये गुंडाळला. त्याच कायद्याचा आधार घेऊन मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोरेगावला दिंडोशीत नागरी निवारा परिषदेमार्फत सामान्यांसाठी हजारो घरे उभी करून दाखविली होती. जमीन सट्ट्याबाहेर काढली तर घर परवडते हे त्यांनी शासनाला प्रत्यक्ष बांधून दाखविले. शासनाने त्यातून धडा घेतला तो नेमका उलट.

शासनाचा कल कोणीकडे आहे हे पाहावयाचे असेल तर आयकराच्या कायद्यासारखा दुसरा आरसा नाही. १९६१ च्या कायद्यातील चोविसाव्या कलमाखाली स्वतः राहण्याचे घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर २०१४ पासून वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळू लागली. तेच कर्ज त्याच घराच्या दुरुस्तीसाठी काढले तर वजावट तीस हजार! नवे घर घ्या, बिल्डरचे गाळे खपवा, शासन तुमच्या व्याजाचा भार उचलील. असलेले घर सांभाळा म्हणाल तर हात आखडता. २०२३-२४ पासून मूळ पर्याय झालेल्या नव्या कररचनेत तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट मुळातच नाही. ही विषमता दूर करण्याची मागणी आपल्या पक्षाच्या कोणत्याही ठरावात मी आजवर वाचलेली नाही.

व्याजदरांच्या चढउताराची गोष्टही आपण बँकांवरच सोडून दिली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. सात टक्क्यांनी वीस लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता १५,५०६ रुपयांचा. वर्षभराने त्याचा दर साडेनऊ झाला असे धरले, तर शिल्लक रकमेवरचे व्याजच १५,४५७ होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलापोटी महिन्याला पन्नास रुपयेही जमा होत नाहीत. बँकांनी हप्ता न वाढविता मुदत वाढविली, आणि पंचावन्नाव्या वर्षी फिटावयाचे कर्ज आता निवृत्तीच्या पलीकडे गेले हे पुष्कळांना कळलेही नाही. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला आदेश काढावा लागला की, दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढविणे, मुदत वाढविणे किंवा काही रक्कम आधी भरणे यांतून निवड करू द्यावी आणि व्याजही भागणार नाही अशा रीतीने मुदत ताणू नये. पुढे २०२५ मध्ये रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला. आपल्या किती शाखांनी किती कर्जदारांना बँकेत नेऊन उरलेल्या मुदतीचे लेखी कोष्टक मागून घेतले? हे काम शिधापत्रिकेसाठी कचेरीत जाण्याइतकेच आपले आहे.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहावयास भाग पाडले तिच्याकडे येतो. मी डोंबिवलीत १९८४ साली बांधलेल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतो. चोवीस गाळे आहेत. तीन वर्षांपूर्वी इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली आणि अभियंत्याने गच्चीचे वॉटरप्रूफिंग, मागच्या बाजूच्या चार खांबांचे मजबुतीकरण आणि सांडपाण्याच्या नळांची बदली यांसाठी अडतीस लाखांचा अंदाज दिला. गाळ्यामागे सुमारे एक लाख अठ्ठावन्न हजार. सर्वसाधारण सभेत विषय आला आणि पुढे ढकलला गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा ढकलला गेला. या दोन वर्षांत चोवीसपैकी नऊ गाळ्यांत आतून नूतनीकरण झाले; भिंती हलल्या, नव्या फरशा जुन्या फरशांवरच बसल्या, छताखाली खोटे छत आले, ज्यामुळे वरची गळती दिसेनाशी झाली. एका सभासदाने कर्ज पुरे फेडल्याबद्दल पेढे वाटले. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरात छताचा खपला पडला. त्या ओट्यापाशी नव्हत्या म्हणून वाचल्या. त्यांच्यावर कसलेही कर्ज नाही. सल्लागार महाशयांच्या व्याख्येप्रमाणे आमच्या इमारतीतील त्या सर्वांत मुक्त रहिवासी म्हणावयास हव्यात!

पहिल्या सभेत विषय पुढे ढकलण्याच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो हे येथे नमूद केले पाहिजे. मुलाच्या कर्जात भरण्यासाठी मी त्या वर्षी ठेव मोडली होती आणि माझ्याकडे वर्गणीसाठी रक्कम उरली नव्हती. अर्थशास्त्र शिकविण्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसाने ते कोष्टक पाहून केलेला तो निर्णय होता. कोष्टकात माझा गाळा होता. गच्ची त्यात नव्हती.

खरे तर सहकारी संस्थेत स्वतंत्र घर असे काही नसतेच. गच्ची, खांब, बाहेरच्या भिंती, नळ हे सर्वांचे. आपले म्हणता येईल ते चार भिंतींच्या आतले प्लास्टर आणि फरशी. या प्रांतात हा विचार नवा नाही. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली तेव्हापासून तो मुंबईत रुजला आहे. पण संस्था सहकारी राहिली आणि सभासद मात्र एकेकटे कर्जदार झाले. ज्याचे त्याचे कर्ज, ज्याची त्याची फरशी. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी गाळ्याच्या बांधकाम-खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का दरवर्षी घ्यावयाचा असतो. बांधकाम-खर्च मात्र मूळचा. आमच्या संस्थेच्या दप्तरी तो गाळ्यामागे साठ हजार आहे. म्हणजे वर्षाला साडेचारशे अधिक दीडशे, एकूण सहाशे रुपये! चोवीस गाळ्यांचे चाळीस वर्षे जमा केले तरी व्याज सोडून पावणेसहा लाखांच्या पुढे जात नाही. उपविधींत 'किमान' हा शब्द आहे. अधिक घेण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. तो बजावण्याचे मात्र मनावर कोणी घेत नाही, कारण महिन्याला तीनशे रुपये वाढविण्याचा ठराव मांडणारा सभासद पुढच्या निवडणुकीत पडतो.

आतल्या नूतनीकरणाकडे शोभेची बाब म्हणून पाहण्याची आपली सवय किती महागात पडते हे मुंबईने दोनदा पाहिले आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये माझगावला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसे गेली. तेथे महापालिकेचेच कर्मचारी कुटुंबांसह राहत होते आणि तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरबदलांवर ठपका आला. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची चार मजली इमारत पडली, १७ जण मेले; तेथेही तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्याने सक्तीची आहे, पण तपासणीचा अहवाल छत धरून ठेवीत नाही. अहवालानंतर लागणारा पैसा कोठून यावा याविषयी कायदा मूक आहे.

तो पैसा सभासदांच्या एकेकट्या शिलकीतून येणार नाही हे आमच्या संस्थेने सिद्ध केले आहे. तो संस्थेला मिळणाऱ्या कर्जातून यावा, जिल्हा बँकांनी आणि नागरी सहकारी बँकांनी तो द्यावा, आणि त्याच्या व्याजाचा काही भार शासनाने उचलावा. दुरुस्तीच्या व्याजावरील सवलत खरेदीच्या बरोबरीने असावी आणि संस्थेने काढलेल्या कर्जातील सभासदाचा वाटाही तीत धरला जावा. १९६९ चे तत्त्व शहराच्या हद्दीबाहेर नेले पाहिजे, फक्त या वेळी ठेकेदाराऐवजी संस्थेच्या हाती पैसा देऊन. आणि कर्जदार साथींना सल्लाच द्यावयाचा असेल तर तो असा द्यावा की, सहा महिन्यांचे हप्ते रोकड हाताशी ठेवा, इमारतीच्या सामाईक दुरुस्तीचा आपला वाटा बाजूला काढा, आणि त्यानंतर जे उरेल ते खुशाल कर्जात भरा. फरशीचे नंतर पाहू.

आमचा अडतीस लाखांचा अंदाज आता शेहेचाळीसवर गेला आहे. या महिन्याच्या अखेरीस विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि दुरुस्ती निधी मूळ खर्चावर न धरता आजच्या बांधकाम-दरावर धरावा हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन त्या वरच्या मजल्यावरच्या बाई देणार आहेत. त्याच आवारात आपल्या शाखेचे चार सभासद राहतात. पहिल्या दोन्ही सभांना त्यांच्यापैकी एकही आला नव्हता, कारण त्या दिवशी पक्षाचे शिबिर होते.